मुंबई पाहिली, बंदर पाहिले काय?

नांदेडहून निघालेली नंदीग्राम किंवा देवगिरी असो, की लातूरहून रात्री सुटणारी एक्सप्रेस. गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या लांब पल्ल्याच्या फलाटांवर येऊन थांबते. प्रवासी पिशव्या सावरत सरळ पुढे चालू लागतात, पश्चिमेकडील दरवाजातून बाहेर पडतात आणि टॅक्सी वा बस पकडून मंत्रालय, आमदार निवास, आझाद मैदान किंवा परळचे टाटा रुग्णालय गाठतात. काम आटोपले आणि गाडीला अवकाश असला, तर गिरगाव चौपाटी आणि मरिन ड्राइव्ह. तेथे समुद्र दिसतो, जहाज मात्र सहसा दिसत नाही. 'मुंबई हे एवढे मोठे बंदर, मग बोटी गेल्या कोठे?' हा प्रश्न आपल्याकडील जवळजवळ प्रत्येक नवख्या प्रवाशाने एकदा तरी विचारलेला असतो.

उत्तर पाठीमागेच असते. अठरा क्रमांकाच्या फलाटाजवळून पी. डिमेलो मार्गावर उतरणारी वाट आहे. त्या रस्त्याने काही मिनिटे चालले की बंदराची उंच भिंत सुरू होते आणि ती भायखळा, माझगाव, शिवडी, वडाळ्यापर्यंत अधूनमधून सोबत करीत राहते. मुंबईचा पाहुणा तिच्याकडे पाठ करून शहरात शिरतो, हीच मोठी गंमत आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी राज्याला शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले. त्यामुळे मलबार हिलची वाट आपल्याकडे खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. भाऊच्या धक्क्याची वाट मात्र विचारावी लागते.

जहाजे पूर्वेलाच का?

मुंबई मुळात सात बेटांची. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. त्यांच्यामधील खाजणे भरून काढत आजचे शहर तयार झाले. या बेटांच्या पश्चिमेला खुला अरबी समुद्र आहे. पावसाळ्यात नैऋत्येकडून येणारे वारे आणि लाटा थेट याच किनाऱ्यावर आदळतात. पूर्वेला मात्र बेटे आणि उरण-पनवेलची मुख्य भूमी यांच्यामध्ये रुंद, खोल आणि निवांत पाण्याचा पट्टा आहे. बेटांचीच आड भिंत झाल्याने तेथे भर पावसाळ्यातही जहाजाला आसरा मिळतो. बंदर तेथे झाले ते या कारणाने.

पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहाच्या करारात १६६१ साली हे बेट इंग्लंडच्या राजाकडे आले. राजाने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिले. त्या काळी सुरत हे मोठे व्यापारी ठाणे होते. पण नदीकाठच्या सुरतेला जे नव्हते ते मुंबईला होते: खोल पाणी आणि बेटाचे संरक्षण. पुढे १७३६ मध्ये सुरतेहूनच आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी येथे जहाजबांधणीचा पाया घातला. वाडियांनी सागवानी लाकडात बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे १८१७ सालचे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे.

बंदराचा कारभार पाहणारा पोर्ट ट्रस्ट १८७३ साली स्थापन झाला. ससून डॉक १८७५ मध्ये, प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचे इंदिरा डॉक, १९१४ मध्ये सुरू झाले. ही गोदी खणताना निघालेल्या मातीने समुद्र भरून जी जमीन तयार झाली, तीवर बॅलार्ड इस्टेट उभी आहे. गेटवे ऑफ इंडियाचा वास्तुविशारद जॉर्ज विटेट याचाच हात त्या इमारतींवरून फिरला आहे. रविवारी सकाळी तेथील रस्ते ओस असतात. मुंबईत शांतपणे चालावे अशी जागा विचारणाऱ्याला प्रस्तुत प्रतिनिधी नेहमी हीच सांगतो.

नावांत शिल्लक राहिलेले बंदर

'बंदर' हा शब्द मुंबईत एकाच जागेला लावलेला नाही. माल उतरविण्याच्या प्रत्येक छोट्या धक्क्याला बंदरच म्हणत. बोरीबंदर, मशीद बंदर, दाणा बंदर, लकडी बंदर, अपोलो बंदर. देशातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याकडे निघाली ती बोरीबंदरहून. म्हणजे आपण ज्या स्थानकात उतरतो, त्याचे जुने नावच बंदराचे आहे. स्थानकाची आजची इमारत फ्रेडरिक स्टीव्हन्सने उभारली आणि २००४ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. प्रवासी तिचे छायाचित्र घेतात, पण रेल्वे येथेच का सुरू झाली हे लक्षात घेत नाहीत. देशावरचा माल गोदीपर्यंत आणायचा होता. त्यात मोठा वाटा कापसाचा होता.

येथे आपला प्रांत या कथेत शिरतो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडला तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे धावू लागला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तरीही रुळांनी त्याला मुंबईला जोडून घेतले. १९०० च्या सुमारास हैदराबादहून नांदेडमार्गे मनमाडला जाणारा लोहमार्ग झाला. तो मीटर गेज असल्याने मुंबईच्या प्रवाशाला आणि मालाला मनमाडला गाडी बदलावी लागे. लातूरची कथा अधिक रोचक आहे. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी 'बार्शी लाइट रेल्वे' सुरू झाली आणि १९११ मध्ये ती लातूरला पोहोचली. लातूरची पेठ वाढली त्यात या छोट्या गाडीचा हात आहे. शेतमाल कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत चढे आणि मुंबईला जाई.

राजकीयदृष्ट्या मात्र मुंबई आपली राजधानी झाली ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावर. त्यापूर्वीच्या पिढीचे मोठे शहर हैदराबाद होते. घरातील वृद्धांच्या तोंडी आजही चारमिनारच्या गोष्टी असतात, भाऊच्या धक्क्याच्या नसतात, त्याचे कारण हेच.

कापसाची खूण आजही पाहता येते. हार्बर मार्गावरील 'कॉटन ग्रीन' स्थानकाच्या नावातील हिरवळ एके काळी फोर्टमध्ये, सेंट थॉमस चर्चसमोर होती. कापसाच्या गाठी तेथे उघड्यावर रचल्या जात. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला आणि पुढे विसाव्या शतकात शिवडीकडे हलला. नाव मात्र गाठींबरोबर फिरत राहिले. गिरण्या बंद पडल्या, बाजारही पूर्वीचा राहिला नाही. लोकलमधील उद्घोषणेत कापूस तेवढा शिल्लक आहे.

१४ एप्रिल १९४४

बंदराची ओळख एका तारखेवाचून पुरी होत नाही. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी आग लागली. जहाज कराचीहून आले होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, कापसाच्या गाठी होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन महास्फोट झाले. गोदी, आसपासची गोदामे आणि वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, शेकडो माणसे मेली. आग विझविण्यासाठी गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान परतले नाहीत. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. भायखळ्याच्या अग्निशमन केंद्रात त्यांचे स्मारक आहे. आपल्याकडे ही तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची म्हणून सर्वतोमुखी आहे. त्याच दिवशी भायखळ्यात हेही स्मरण होते, हे थोड्यांना माहीत असते.

ज्या गोद्यांत हे घडले त्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या आता बुजविण्यात आल्या आहेत. तेथे पाणी शोधू नये.

तूर आणि समुद्र

कोणी म्हणेल, हा सारा इतिहास झाला. त्याचा आज आपल्याशी काय संबंध? लातूरच्या आडत बाजारात उभे राहून हा प्रश्न विचारून पाहावा. मुंबईचा घाऊक धान्य बाजार मशीद बंदर-दाणा बंदर परिसरातून वाशीला गेला. मालवाहतुकीचा मोठा भागही खाडीपलीकडे गेला. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथे सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर आज देशातील अग्रगण्य कंटेनर बंदरांपैकी आहे. म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेतील मोझांबिक, टांझानिया, मलावी या देशांची तूर देशात येते ती न्हावा-शेवासारख्या बंदरांतूनच. तूर आयातीवरील बंधने २०२१ मध्ये सैल करण्यात आली आणि त्यानंतर मुदत वाढवत नेण्यात आली. औसा किंवा निलंग्याच्या शेतकऱ्याने रास करून पोती बाजारात आणावीत आणि त्याच वेळी भावाची चर्चा बंदरात लागलेल्या जहाजावर यावी, हे आता नित्याचे झाले आहे. डाळमिलवाल्याला ही तूर हवी असते, शेतकऱ्याला ती नको असते. दोघेही लातूरचेच. समुद्र न पाहिलेल्या माणसाच्या पिकाचा भाव समुद्रावर अवलंबून असेल, तर त्याने एकदा तरी त्या क्रेन डोळ्यांनी पाहाव्यात, असे वाटते. त्यासाठी बोटीत बसावे लागते.

भाऊचा धक्का

बंदराच्या भिंतीआड सामान्य माणसाला प्रवेश नाही. छायाचित्रे काढण्यासही बंदी असते आणि ती पाळावी. पण समुद्राकडून हेच बंदर उघडे आहे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी १८४१ मध्ये बांधलेल्या धक्क्यावरून आजही मोरा, म्हणजे उरण, आणि रेवस येथे जाणाऱ्या प्रवासी बोटी सुटतात. मांडव्याला वाहनांसह जाणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये येथूनच सुरू झाली. मोऱ्याचा प्रवास पाऊण ते एक तासाचा. ही पर्यटकांची बोट नव्हे. तीत उरणचे नोकरदार, मासळीवाल्या, मोटारसायकली आणि भाजीच्या पाट्या असतात, आणि तेच तिचे मोठेपण आहे.

बोट सुटताच पाठीमागे माझगाव गोदीतील अर्धवट बांधलेल्या युद्धनौका दिसू लागतात. उजव्या हाताला नौदलाचा तळ, पुढे तेलवाहू जहाजे लागतात ते जवाहर द्वीप, त्यामागे घारापुरीचा डोंगर आणि क्षितिजावर न्हावा-शेव्याच्या क्रेनची रांग. अर्ध्या-पाऊण तासात संपूर्ण बंदर डोळ्यांपुढून सरकते. मुंबई हे नाव कशाला दिले आहे ते येथे कळते. चौपाटीवर कळत नाही.

याच धक्क्याला एक दुःखद स्मृतीही आहे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात बुडाली आणि ६०० हून अधिक प्रवाशांना जलसमाधी मिळाली. अलीकडे १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून प्राणहानी झाली. बोटीत चढल्यावर जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे आणि घालावे. बरोबरचे हसतील; हसू द्यावे.

घारापुरी आणि खरोसा

घारापुरीच्या लेण्यांविषयी वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. गेटवेहून सुमारे तासाभराचा जलप्रवास आहे आणि १९८७ पासून लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मराठवाड्यातील प्रवाशाला वेरूळ परिचित असते, म्हणून तो येथे थोडा निराश होण्याचा संभव असतो. त्याने मनात औसा तालुक्यातील खरोसा लेणी आणावीत. साधारण त्याच काळातील, शैव शिल्पे असलेली ही दोन ठिकाणे. एक देशावरच्या माळावर आणि दुसरे समुद्रातील बेटावर. घारापुरीला हजारो माणसे रोज जातात, खरोशाला गाइडसुद्धा मिळणे कठीण. बेटावरील गावकऱ्यांना कायमची वीज मात्र २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकल्यावर मिळाली. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना अंधारात राहण्याचा हा अनुभव आपल्याकडील वाड्यातांड्यांना अनोळखी वाटणार नाही.

भरती-ओहोटी

देशावरच्या माणसाला मुंबईत सर्वांत अपरिचित गोष्ट कोणती, तर ती गर्दी नव्हे, भरती. गोदावरीला पूर येतो तो वर्षातून कधीतरी. येथे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ही चढउतार साडेचार मीटरच्याही वर जाते. इंदिरा गोदीला दरवाजे आहेत ते त्यामुळेच. बाहेरचे पाणी उतरले तरी आतील जहाज तरंगत राहावे म्हणून. मोरा आणि रेवस येथे ओहोटीत गाळ उघडा पडतो आणि बोटींचे वेळापत्रक कोलमडते. पावसाळ्यात मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की नाल्यांतील पाणी समुद्रात जाण्याऐवजी रस्त्यावर थांबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लातूरला अख्ख्या वर्षात साधारणपणे याहून कमी पाऊस पडतो. जून ते सप्टेंबरमध्ये मुंबईला जाणाऱ्याने रेल्वेच्या वेळेबरोबर भरतीची वेळही वर्तमानपत्रात पाहून ठेवावी.

गर्दीविषयी थोडेच. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्यात चौरस किलोमीटरमागे ३१९ आणि लातूर जिल्ह्यात ३४३ माणसे राहत. बृहन्मुंबईत हा आकडा वीस हजारांवर होता. तिला तीन बाजूंनी पाणी असल्याने शहर पसरले ते एकाच दिशेला, उत्तरेला. सकाळी सारी माणसे दक्षिणेकडे आणि सायंकाळी सारी उत्तरेकडे. पाहुण्याने याच्या उलट दिशेने फिरण्याची सवय लावली, तर लोकल तितकी भीतिदायक राहत नाही.

टाटा रुग्णालयातून शिवडीपर्यंत

नांदेड-लातूरहून मुंबईला जाणाऱ्यांत हौसेने जाणारे थोडे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, केईएममध्ये नातलगाला घेऊन गेलेले आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत वा पदपथावर मुक्काम केलेले पुष्कळ. तपासणीचा अहवाल यायला दोन दिवस असतात. त्या दोन दिवसांत रुग्णालयाच्या दारातच बसून राहणारी आपल्याकडील माणसे प्रस्तुत प्रतिनिधीने अनेकदा पाहिली आहेत. शहराची भीती वाटते, पैसे खर्च होतील ही धास्ती असते, आणि फिरायला जाणे अशा वेळी बरे दिसत नाही, हेही असते.

त्यांच्यासाठी हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. टाटा रुग्णालयापासून शिवडी स्थानक दीड-दोन किलोमीटरवर आहे. स्थानकाच्या पूर्वेला गोदामांमधून जाणारा रस्ता शिवडी जेट्टीवर संपतो. नोव्हेंबर ते मे या काळात ओहोटीच्या वेळी तेथील चिखलात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला, सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू शेजारूनच न्हावा-शेव्याकडे जातो. तिकीट नाही, रांग नाही. रुग्णापाशी एकाने थांबावे, दुसऱ्याने तासभर जाऊन यावे.

कसे जाल?

बंदर पाहण्यासाठी सर्वांत सोयीचा आहे तो हार्बर मार्ग. मुंबईतच नव्हे, तर देशात विजेवर धावलेली पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच मार्गाने कुर्ल्याला गेली. टर्मिनसमध्ये या गाड्या एक व दोन क्रमांकाच्या फलाटांवरून सुटतात. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी असा क्रम आहे. डॉकयार्ड रोडला उतरून फलाटावरूनच माझगाव गोदी दिसते. तेथून भाऊचा धक्का जवळ आहे. जवळच्याच टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. तेथून बंदराचा विस्तार अधिक चांगला दिसतो.

मासळीचा लिलाव पाहायचा असेल तर ससून डॉकला पहाटे पाचच्या सुमारास पोहोचावे. जमीन ओली आणि निसरडी असते, म्हणून चप्पल नको. कोळिणींच्या वाटेत उभे राहू नये. त्या स्पष्ट शब्दांत बाजूला करतात. दक्षिण मुंबईत फिरण्यासाठी ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावणारी भुयारी मेट्रोही आहे. मंत्रालयाला जाणाऱ्यांनी विधान भवन स्थानकावर उतरावे.

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, तर सात बेटांचा इतिहास मांडणारे भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती या संग्रहालयाच्या आवारात आहे. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याकडील बोटी बंद असतात. रविवारी हार्बर मार्गावर बहुधा मेगाब्लॉक असतो. त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावर जायचे तर टर्मिनसच्या पूर्वेकडील दरवाजातून बाहेर पडून पी. डिमेलो मार्गाने टॅक्सी करावी.